सेल्फ मारायची घाई नको

बंद पडलेली गाडी वेगळी आणि बंद करून ठेवलेली गाडी वेगळी. पहिलीचं काय बिघडलं ते निदान ठाऊक असतं. दुसरी स्वतःच्या चाकांवर चालत गॅरेजात शिरलेली असते. मालकानं हँडब्रेक ओढलेला असतो, वर जुनी चादर टाकलेली असते, शटर खाली आलेलं असतं आणि त्याच्या आठवणीत गाडी अजून तशीच ठणठणीत असते. मग पंधरा-वीस वर्षांनी शटर वर जातं. नवी बॅटरी येते, टाकीत पाच लिटर पेट्रोल पडतं आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी उत्साहानं सेल्फ मारतं. इतक्या वर्षांत जे मोडलं नव्हतं, ते पुष्कळदा त्या अर्ध्या मिनिटात मोडतं.

जुनी इटालियन स्पोर्ट्‌स कार म्हटलं की सगळ्यांना फेरारी आठवते. पण अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं काम समजून घ्यायचं असेल, तर फेरारीपेक्षा अल्फा रोमिओ स्पायडर पाहावी. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी प्रथम लोकांसमोर आली आणि १९९३ पर्यंत ती बनत राहिली. या काळात सव्वा लाखाच्या आसपास गाड्या तयार झाल्या. त्यामुळे आज युरोप-अमेरिकेत चादरीखाली धूळ खात पडलेली इटालियन स्पोर्ट्‌स कार सापडली, तर ती फेरारी असण्यापेक्षा स्पायडर असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. शिवाय तिचे आजार ठरलेले आहेत, आणि तिच्यात जे बिघडतं तेच थोड्याफार फरकानं लान्चिया, फियाट, अगदी फेरारीतही बिघडतं.

तिचा आकार पिनिनफारिनानं घडवला. कंपनीचे संस्थापक बत्तिस्ता पिनिनफारिना यांनी स्वतः लक्ष घातलेल्या अखेरच्या गाड्यांपैकी ही एक. ती लोकांसमोर आल्यावर काही आठवड्यांतच, एप्रिल १९६६ मध्ये, ते गेले. पहिल्या गाड्यांची शेपटी गोल आणि निमुळती होती. इटलीत त्या आकाराला ‘ओस्सो दी सेप्पिया’ असं टोपणनाव पडलं. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रफेन म्हणून जो पांढरा, हलका, दोन्ही टोकांना निमुळता तुकडा सापडतो, तेच हे माकुळाचं हाड. काही वर्षांतच कंपनीनं शेपटी सरळ कापून टाकली. ‘द ग्रॅज्युएट’ या १९६७ च्या चित्रपटात डस्टिन हॉफमन जी लाल गाडी पळवतो, ती गोल शेपटीचीच.

१५७० सीसीचं इंजिन, १०९ अश्वशक्ती, जेमतेम एक टन वजन, ताशी १८५ किलोमीटर वेग, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून जी फियाट बाहेर पडत होती, तिला चार गिअर होते आणि चारही चाकांना ड्रम. दोन्ही गाड्या इटालियनच, पण त्यांच्या घरांत बरंच अंतर होतं.

आता अशी एखादी स्पायडर मिलानच्या आसपास, पो नदीच्या खोऱ्यात, वीस वर्षं उभी आहे असं धरू. हा प्रदेश हिवाळी धुक्यासाठी प्रसिद्ध आहे. गाडीला कुणी हात लावलेला नाही, पाऊस लागलेला नाही. मग तिचं बिघडलं काय?

लोखंड गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं, आणि पाणी वरून पडायलाच हवं असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंजाचा वेग चांगलाच वाढतो. रात्री गार पडलेल्या पत्र्यावर पहाटेची दमट हवा दव सोडते. सिमेंटची जमीन खालून ओल सोडत असते. वर प्लास्टिकची ताडपत्री टाकली असेल तर ती ओल तिथंच कोंडते. गाडी झाकायचीच तर सुती कापडानं झाकावी, हे सांगायचं कारण एवढंच. चालत्या गाडीत इंजिनाची ऊब ही ओल रोज उडवून लावते आणि तेल सगळ्या भागांवरून फिरत राहतं. उभ्या गाडीत तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं आणि वरचे भाग कोरडे पडतात.

काही मालक म्हणतात, आम्ही महिन्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत होतो. हे तर त्याहून वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तासभर रस्त्यावर धावली तर ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांत मात्र इंजिन पुरतं तापत नाही, मग ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिनाच्या तेलात साचतं. सायलेन्सर आतून कुजतो तो असा.

इंजिनाचं बोलायचं तर अल्फाचं हे इंजिन १९५४ च्या ज्युलिएत्तापासून चालत आलेलं. ओरात्सिओ सात्ता पुलीगा यांच्या चमूनं ते घडवलं आणि किरकोळ बदल करत ते चाळीस वर्षं टिकलं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट आणि ते फिरवायला चेन. ब्लॉकमध्ये ओतीव लोखंडाचे चार सुटे लायनर बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती थेट पाणी खेळतं. इंजिन बंद पडतं त्या क्षणी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेनं दमट हवा वीस वर्षं आत ये-जा करते आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजानं चिकटतात. कधी घट्ट, कधी नुसत्या हलक्या. घट्ट चिकटल्या असतील तर इंजिन फिरतच नाही आणि मालक सावध होतो. हलक्या चिकटल्या असतील तर खरा धोका. सेल्फच्या जोरानं इंजिन फिरतं खरं, पण रिंगा तुटतात आणि लायनरवर उभे ओरखडे उठतात.

म्हणून आधी चारही प्लग काढायचे. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतायचं आणि गप्प बसायचं. एक-दोन दिवस नव्हे, आठवडाभर. मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हातानं, अगदी थोडं, मागेपुढे. हाताला जो अडथळा जाणवतो तो सेल्फच्या मोटारीला जाणवत नाही. इंजिन मोकळं झालं की वरचं झाकण काढून कॅमवर तेल ओतायचं, चेंबरमधलं जुनं तेल बदलायचं (त्यातली आम्लं बेअरिंग खात असतात) आणि प्लग न लावताच सेल्फ मारून तेलाचा काटा वर चढतो का ते बघायचं. प्लग नसल्यानं सिलिंडरांत दाब तयार होत नाही, त्यामुळे कोरड्या बेअरिंगवर ताण न येता तेल सगळीकडे पोचतं. काटा चढेपर्यंत पेट्रोलचं नाव काढू नये.

हेड उघडायची वेळ आली तर या इंजिनाचे खास नखरे सुरू होतात. ॲल्युमिनियमचं हेड पोलादी स्टडवर बसलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मधे जुनं, गुण गेलेलं कूलंट, म्हणजे छोटीशी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड स्टडभोवती अशी घट्ट बसते की सगळे नट काढले तरी हेड जागचं हलत नाही. इथं स्क्रूड्रायव्हर घालून ठोकणारे मेस्त्री मी पाहिले आहेत. हेड निघतं, पण गॅस्केट बसायची जागा कायमची दुखावते. तेल सोडत राहणं, थोडी ऊब देणं आणि पुन्हा तेल सोडणं, हाच मार्ग. त्याला पंधरा दिवस लागले तर लागले.

हेड निघालं की पुढचा सापळा तयारच असतो. सुटे लायनर आता फक्त तळाच्या सीलवर उभे असतात. अशा वेळी कुणी सहज म्हणून क्रँक फिरवला तर पिस्टनबरोबर लायनरही वर उचलला जातो, खालचं सील सुटतं आणि पुढे पाणी तेलात मिसळतं. म्हणून हेड काढल्या काढल्या लायनर पट्ट्या लावून दाबून ठेवायचे. हेड गॅस्केटमध्ये तेलाच्या वाटांभोवती सहा लहान रबरी रिंगा असतात. त्या वाळल्या की तेल आणि पाणी एकमेकांत शिरतं. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर दुधाळ चहासारखा साका दिसला तर पहिला संशय या सहा रिंगांवर घ्यावा.

एक सोय मात्र मोठी आहे. लायनर झिजले तर ब्लॉक बोअर करायला लेथवर न्यावा लागत नाही; चार लायनर आणि चार पिस्टन असा जुळलेला संच मिळतो, तो बसवायचा. मापांतला मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखता यावा म्हणून कारखाना निळा, गुलाबी आणि हिरवा अशा रंगांच्या खुणा करत असे. गुलाबी पिस्टनला गुलाबीच लायनर. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत सोडियम भरलेलं असतं. ९८ अंश सेल्सिअसला ते वितळतं, व्हॉल्व्हच्या हालचालीबरोबर हिंदकळतं आणि तापलेल्या डोक्याची उष्णता दांड्यात आणून सोडतं. शर्यतीच्या आणि विमानाच्या इंजिनांतली ही युक्ती अल्फानं रोजच्या गाडीत आणली. फेकायचा जुना व्हॉल्व्ह कुतूहलापोटी कापून मात्र बघू नये. सोडियमला पाणी लागलं की भडका उडतो.

पेट्रोलचं दुखणं त्यामानानं साधं, पण किचकट. टाकीत उरलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, तपकिरी, वार्निशसारखा थर राहतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत दव धरून आतून गंज चढतो. असल्या टाकीत नवं पेट्रोल ओतून इंजिन चालू केलं की सगळी घाण पंपातून थेट कार्बोरेटरमध्ये. टाकी उतरवून धुवायची, रबरी नळ्या सरसकट बदलायच्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आपल्याकडे तर ते वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साठच्या दशकातल्या रबराला ते मानवत नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसालाही हे लागू आहेच.

स्पायडरचे कार्बोरेटर वेबरचे. एकात दोन नळ्या, असे दोन. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची स्वतंत्र वाट. बोलोन्यात ही कंपनी काढणारे एदोआर्दो वेबर मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, बेपत्ता झाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या नावाचे कार्बोरेटर मात्र आजही नवे मिळतात आणि गॅस्केटपासून बारीकशा जेटपर्यंत प्रत्येक सुटा भाग मिळतो. उघडून, धुऊन, जेटमधून हवा मारून ते पूर्ववत होतात. लोक फसतात ते दुसरीकडेच. कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधे धातू आणि रबर मिळून केलेले जोड असतात. उभ्या उभ्या त्यातल्या रबराला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून जादा हवा आत शिरते, इंजिन आयडलला अडखळतं, आणि मेस्त्री दोन दिवस स्क्रू पिळत बसतो. दोन कार्बोरेटर जुळवायला आता यंत्रं आहेत. जुने इटालियन मेस्त्री मात्र रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून चारही नळ्यांतला हवेचा आवाज सारखा येतो का ते ऐकत.

अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. तिथल्या धुराच्या नियमांमुळे १९६९ पासून त्यांना स्पिका कंपनीचं यांत्रिक इंजेक्शन बसवलं गेलं. हा डिझेल पंपाच्या जातीचा पंप. आतले दट्टे अत्यंत बारीक मापाचे. पाणी शिरलेल्या पेट्रोलात तो वर्षानुवर्षं उभा राहिला की जाम होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेकांनी वैतागून तो काढून टाकला आणि वेबर बसवले. आता त्याच गाड्यांचे नवे मालक मूळ पंप शोधत फिरतात.

गाडी सुरू होण्याआधी ती थांबते का हे बघायला हवं. दुर्दैवानं बहुतेकांचा क्रम उलटा असतो. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. ‘डॉट ४’ जातीचं ताजं तेल किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. घाटात ब्रेक तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. तेच पाणी कॅलिपरच्या पिस्टनवर गंज चढवतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रबरी ब्रेक पाइप. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजलेला असतो. पायाच्या जोरानं तेल पुढे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोक कॅलिपर बदलतात, पुन्हा बदलतात, आणि दोष पाइपात असतो. इथं माझं मत ठाम आहे: ब्रेकच्या कामात वाचवण्यासारखं काही शोधू नये, रबर म्हणून जे जे असेल ते नवं घालावं. आणखी एक. त्या काळच्या ब्रेक पॅडमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. इटलीनं त्यावर १९९२ मध्ये कायद्यानं बंदी घातली, पण तुमच्या चादरीखालची गाडी त्याआधीची आहे. ती पूड हवेच्या प्रेशरनं उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं बंद पिशवीत टाकायचं.

रबराचा विषय निघालाच आहे तर स्पायडरच्या पोटातल्या एका रबरी चकतीबद्दल सांगायलाच हवं. गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्या मधे ती असते आणि झटके पचवते. हा जोड शोधणारे आंतोनिओ बोस्की पिरेल्लीमध्ये इंजिनिअर होते. ही युक्ती अनेक कंपन्यांच्या गाड्यांत पोचली. बोस्की आणि त्यांच्या पत्नी मारिएदा दी स्तेफानो यांना चित्रांचं वेड होतं. मिलानमधल्या आपल्या घरात दोघांनी विसाव्या शतकातल्या इटालियन कलेची दोन हजारांहून अधिक कामं जमवली आणि पुढे ती शहराला देऊन टाकली. २००३ पासून ते घर संग्रहालय म्हणून खुलं आहे. मोरांदी, सिरोनी, दे किरिको, फोन्ताना तिथं भिंतीभर लागलेले आहेत. प्रोपेलर शाफ्टखाली आडवं पडून काम करणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. ती चकती मात्र प्रत्येक बंद ठेवलेल्या गाडीत तडकलेलीच निघते. नवी चकती येते ती पोलादी पट्ट्यानं आवळलेली. आधी बोल्ट घट्ट करायचे, मग पट्टा कापायचा. आधी पट्टा कापला की भोकं जुळता जुळत नाहीत.

टायरबद्दल एकच. खाचा कितीही खोल दिसोत, वीस वर्षांचं टायर टाकूनच द्यायचं. पिरेल्ली जुन्या गाड्यांसाठी मूळ नक्षीचे टायर पुन्हा बनवते, त्यामुळे सबब उरत नाही.

आता पत्र्याकडे. इंजिनाचं काम किती आणि खर्च किती याचा अंदाज बांधता येतो. पत्र्याचा बांधता येत नाही, आणि स्पायडर घेऊन बुडालेले बहुतेक लोक पत्र्यातच बुडाले. इटालियन गाड्या लवकर गंजतात यामागे रशियाकडून सौद्यात मिळालेलं हलकं पोलाद होतं, अशी एक दंतकथा युरोपात चवीनं सांगितली जाते. तिची गरज नाही. त्या काळचे पोकळ भाग आतून नीट रंगवलेलेच नसत आणि पाणी जाण्याच्या वाटा अरुंद होत्या, एवढं कारण पुरेसं आहे. लान्चियाला तर १९८० मध्ये ब्रिटनमध्ये गंजलेल्या बीटा गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या होत्या.

स्पायडरला टप नाही, त्यामुळे तिचा सगळा ताठपणा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे सिलमध्ये असतो. हे सिल पत्र्याच्या तीन थरांचे. कापडी हुडाच्या मागून येणारं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा पाल्यापाचोळ्यानं तुंबल्या की ते शेवटी इथं येऊन मुरतं. बाहेरचा थर चकचकीत आणि आतला जाळीदार, अशी गाडी सर्रास विकली जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जोडाचे पत्रे आतून फुगून एकमेकांपासून सुटतात. जोडाशी रंग उचललेला दिसला तर दोन थरांच्या मधे बरंच काही झालेलं असतं. खरी स्थिती कळायला तीन गोष्टी पुरतात: रंगाच्या खाली पुट्टी किती आहे हे सांगणारा लोहचुंबक, जॅक लावायच्या जागेवर नखाचा दाब, आणि दाराच्या फटी. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध वाकलेली आहे.

सिल कापून नवे बसवायचे तर आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून गाडी बांधून घ्यावी लागते. नाहीतर जुना सिल कापताच गाडी आपल्याच वजनानं किंचित खचते आणि नवा सिल त्या खचलेल्या आकारात कायमचा जोडला जातो. मग दार कधीच बसत नाही. एका वेळी एकच बाजू, आणि दर टाक्यानंतर दार लावून बघायचं. इंजिनच्या मागच्या भिंतीवर चेसिस नंबर कोरलेला असतो. तेवढा पत्रा मात्र कितीही वाईट दिसला तरी कापत नाहीत. कागदोपत्री गाडी म्हणजे तो तुकडा.

वायरिंगला फार शब्द नकोत. अनेक विद्युत दोष, निदान पहिल्या दिवशीचे, फ्यूजच्या डबीत असतात. त्या काळचे युरोपियन फ्यूज म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार, मधे पातळ पट्टी. टोकांवर ऑक्साइडचा थर धरतो. प्रत्येक फ्यूज बोटानं गोल फिरवला की निम्मे दिवे लागतात. उरलेल्या निम्म्यांसाठी अर्थच्या तारा घासून घ्यायच्या आणि उंदरांनी कुठं कुरतडलंय ते शोधायचं.

एवढं झाल्यावर गाडी चालते. मग प्रश्न येतो दिसण्याचा, आणि गेल्या काही वर्षांत लोकांचं मत बदललं आहे ते इथं. पूर्वी ‘रिस्टोअर’ करणं म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्याहून चकचकीत करणं. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्या समजुतीला चांगलाच धक्का बसला. पश्चिम फ्रान्समध्ये रॉजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकानं संग्रहालयासाठी जमवलेल्या गाड्या धंदा बुडाल्यावर शेडमध्ये पडून राहिल्या होत्या. त्यात १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, वर मासिकांचे गठ्ठे रचलेले. तिला कुणी धुतलंही नव्हतं. ती एक कोटी ६२ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. दोन वर्षांनी मारानेल्लोत १९६९ ची ॲल्युमिनियम बॉडीची फेरारी डेटोना, जपानमधल्या शेडमध्ये चाळीसेक वर्षं राहिलेली, अंगावरच्या धुळीसकट १८ लाख युरोंना विकली गेली. धूळ पुसली असती तर किंमत कमी झाली असती असा लिलाववाल्यांचा हिशेब असावा. मला त्यात थोडं नाटक वाटतं, पण मागचा विचार खोटा नाही.

तो विचार नियमांतही आला आहे. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ या जागतिक संघटनेनं २०१२-१३ मध्ये ‘तोरिनो सनद’ मान्य केली. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिचीच ही लेक. जे टिकलंय ते आधी जपा, बदलावं लागलं तर तेवढंच बदला, आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा, हा तिचा आशय. आपल्याकडेही २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, आणि त्यातही चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी चालत नाही.

स्पायडरच्या मालकाला याचा व्यवहारातला अर्थ असा की रंगाच्या दुकानात जाण्याआधी अल्फाच्या दप्तरात जायचं. चेसिस नंबर कळवला की गाडी कोणत्या दिवशी बनली, मूळ रंग कोणता, पहिल्यांदा कुठं विकली गेली, याचा दाखला कंपनीच्या ऐतिहासिक संग्रहातून मिळू शकतो. चित्रपटापायी जगभर असंख्य स्पायडर लाल झाल्या आहेत. त्यातल्या कित्येक जन्मानं पांढऱ्या, राखाडी नाहीतर हिरव्या होत्या. डॅशबोर्डच्या मागं किंवा डिकीच्या अस्तराखाली पाहिलं की जुना रंग सापडतो. विटलेला पण मूळचा रंग असेल तर पॉलिश करून ठेवावा, सिलच्या कामात गेला तेवढाच भाग जुळवून मारावा. सीटचं कव्हर उसवलं असेल तर शिवावं, बदलू नये. हे नियम ब्रेकला आणि पेट्रोलच्या नळीला लागू नाहीत, एवढं भान ठेवलं की झालं.

पैशांचं काय? गोल शेपटीच्या पहिल्या गाड्या सोडल्या तर नंतरच्या बहुतेक स्पायडरवर पत्र्यापासून काम करायचं म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त खर्च. सुट्या भागांची चणचण हे त्याचं कारण नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कधीकाळी पद्मिनीचं जे हवं ते मिळायचं, तसं युरोपात स्पायडरचं मिळतं. सिलचे पत्रे, हुडाचं कापड, दाराची रबरं, सगळं नवं बनतं. महाग आहेत ते वेल्डिंग करणाऱ्या हातांचे तास. त्यामुळे इंजिन गेलेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी घ्यावी, आणि इंजिन सुरेख चालणारी पण सिल कुजलेली गाडी नम्रपणे नाकारावी. विकणारा नेमकं इंजिनच चालू करून दाखवतो, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

रस्त्यावर आल्यावरही पहिले काहीशे किलोमीटर पान्याची पेटी डिकीत असावी. हेड उघडलं असेल तर थोडं चालवून, गार होऊ देऊन, नट पुन्हा ठरल्या मापानं आवळावे लागतात. तेल लवकर बदलायचं, कारण वीस वर्षांची चिकटी आता सुटून त्यात येते. पेट्रोलचा फिल्टर दर आठवड्याला बघायचा. आणि सकाळी गाडी गार असताना पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की गिअरबॉक्स खर्र करतो, त्यासाठी मेस्त्रीकडे जाऊ नये. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो या गाड्यांचा जन्मजात कच्चा. गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दोनदा क्लच दाबून, मधे न्यूट्रलला क्षणभर थांबून दुसरा टाकायचा. साठच्या दशकात शोरूममधून नवी गाडी नेणारे इटालियनही तेच करत होते.